पक्ष्यांची हजेरी घेणारे डॉ. सलीम अली

१२ नोव्हेंबर हा थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. शेजारच्या महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्यातली ५ तारीख सोलापूरचे सुपुत्र, अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाची आणि १२ तारीख सलीम अलींच्या. त्या निमित्ताने सलीम अलींचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

मुंबईत वाढलेल्या या माणसाचा आपल्या बिदर-कलबुर्गीशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे आणि तो जवळचा आहे. सलीम अलींनी पक्ष्यांची पहिली मोठी पाहणी केली ती हैदराबाद संस्थानात, १९३१-३२ साली. त्या वेळी बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे निजामाच्या याच संस्थानात होते. म्हणजे आपल्या मुलखाच्या पक्ष्यांची पद्धतशीर नोंद ज्या कामातून सुरू झाली, ते काम या माणसाने केले. तेव्हा हे चरित्र एका अर्थाने आपल्या घरचेच आहे.

पोरका मुलगा आणि पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते भावंडांत सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या भाच्यांना खेतवाडीतल्या आपल्या घरी आणून वाढवले. स्वातंत्र्यलढ्यात गांधीजींचे सहकारी म्हणून गाजलेले अब्बास तय्यबजी हेही त्यांच्या नात्यातलेच.

अमीरुद्दीन मामांना शिकारीचा नाद होता. छोट्या सलीमला एक छर्ऱ्याची बंदूक मिळाली आणि तिने चिमण्या टिपणे हा त्याचा खेळ झाला. १९०८ च्या सुमाराची गोष्ट. पडलेली एक चिमणी त्याला नेहमीच्या चिमण्यांपेक्षा वेगळी दिसली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांना ते सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड साहेब यांच्याकडे पाठवले.

साहेबाच्या कचेरीत पाऊल टाकताना त्या वयाच्या मुलाचे काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पण मिलार्ड साहेबांनी त्याला हाकलले नाही. ती पीतकंठी चिमणी आहे, हे त्यांनी ओळखून सांगितले. पेंढा भरून जपलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांच्या कातड्या कशा जपायच्या, त्यावर चिठ्ठी कशी लावायची, हे शिकवण्याची सोय केली.

पालकांना आम्ही इथे एक गोष्ट सुचवू इच्छितो. त्या दिवशी मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मामांना येत नव्हते. त्यांनी ते दडवले नाही आणि मुलाला गप्पही बसवले नाही. ज्याला उत्तर येते त्याच्याकडे त्याला पाठवले. एका शास्त्रज्ञाच्या घडणीची सुरुवात तिथून झाली.

पदवी नसलेला विद्वान

शाळेत सलीम हुशार म्हणून ओळखला जात नव्हता. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला डोकेदुखीने हैराण केले. हवापालटासाठी त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडे धाडावे लागले, शाळा बुडत राहिली आणि १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयात नाव घातले, पण पहिल्याच वर्षी गणिताने घाम फोडला. ते शिक्षण सोडून तो ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेला. तिथे धंद्यापेक्षा जंगलातल्या पक्ष्यांकडेच त्याचे लक्ष अधिक.

१९१७ साली मुंबईला परतल्यावर दावर महाविद्यालयात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकता शिकता सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने त्यांनी प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्यात पक्षिशास्त्रज्ञाची जागा निघाली. सलीम अलींनी अर्ज केला, पण विद्यापीठाची पदवी नसल्याने ती जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना नोकरी मिळाली. प्रेक्षकांना निसर्गदालन समजावून सांगायचे, असे ते काम होते. दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आले की आपले ज्ञान तोकडे आहे. ते रजा घेऊन जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान या पंडिताजवळ शिकले. श्ट्रेझेमान यांनाच ते जन्मभर गुरू मानत. पक्ष्याच्या पायात क्रमांकाची कडी घालून त्याचा माग काढण्याची पद्धत त्यांनी जर्मनीतच पाहिली.

१९३० साली ते परत आले तेव्हा म्युझियममधली जागा पैशाअभावी रद्द झाली होती. नोकरी नाही, हातात पदवी नाही, घरी पत्नी. ते दोघे अलिबागजवळच्या किहीम गावी एका लहान घरात जाऊन राहिले.

किहीमची सुगरण

घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. बहिणाबाईंच्या ओव्यांमुळे मराठी घराघरांत पोचलेली हीच ती सुगरण. सलीम अली शिडी लावून केलेल्या आडोशात तासन् तास बसून राहत. एक एक खोपा, एक एक नर, एक एक मादी ओळखून त्यांची नोंद करत.

त्या महिन्यांत जे दिसले ते कुणी आधी नीट पाहिले नव्हते. खोपा विणतो तो नर. अर्धा खोपा झाला की माद्या येऊन तो तपासतात. एखादीला पसंत पडला तर ती आत राहायला येते आणि नर तो पुरा करून देतो. मादी अंड्यांवर बसली की नर शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. बेकारीच्या दिवसांत केलेल्या या अभ्यासाने सलीम अलींचे नाव पक्षिशास्त्राच्या जगात झाले. कपाटातल्या मेलेल्या पक्ष्यांपेक्षा झाडावरचा जिवंत पक्षी जास्त सांगतो, हे त्यांना इथे पटले आणि पुढच्या साऱ्या कामाला तीच दिशा मिळाली.

निजामाच्या मुलखातली पाहणी

नोकरी मिळत नव्हती म्हणून सलीम अलींनी स्वतःच काम शोधून काढले. भारतातल्या कितीतरी संस्थानांत पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी कधी झालेली नव्हती. संस्थानिकांनी मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्यावा, आपण पाहणी मोबदला न घेता करू, असे त्यांनी सोसायटीमार्फत सुचवले. पहिले संस्थान ठरले हैदराबाद. पुढे कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी रांगच लागली.

हैदराबाद संस्थान म्हणजे सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख. त्यात गोदावरीकाठची साग-बांबूची दाट जंगले होती, मराठवाड्याचे डोंगर होते आणि आपल्याकडची काळी जमीन, तांबड्या जांभ्या दगडाचे पठार, कुसळी गवताची माळरानेही होती. बैलगाडी, तंबू, कंदील अशा लवाजम्यानिशी मुक्काम हलवत जायचे. पहाटे बाहेर पडायचे, दुपारी आणलेल्या पक्ष्यांवर काम करायचे, रात्री वही लिहायची. तेहमिना बेगम बहुतेक सर्व पाहण्यांत बरोबर असत. इंग्लंडमध्ये शिकलेल्या, सुखवस्तू घरात वाढलेल्या या बाईंनी तंबूतला संसार आनंदाने पत्करला. मुक्कामाची व्यवस्था त्या पाहत आणि पतीचे इंग्रजी लेखन सुधारूनही देत.

मुलांनी एक गोष्ट समजून घ्यावी. त्या काळी पाहणी म्हणजे बंदुकीने पक्षी टिपून नमुना गोळा करणे. चांगली दुर्बीण दुर्मीळ, सर्व पक्ष्यांची चित्रे असलेले पुस्तक नाही. पक्षी हातात घेतल्याशिवाय तो कुठला, हे खात्रीने सांगता येत नसे. सलीम अलींनीही असे पुष्कळ पक्षी मारले. आज ते आपल्याला रुचणार नाही आणि कायद्यालाही चालणार नाही. पण त्यांनी मारलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधली गेली. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, वीण चालू आहे की नाही, असा तपशील असे. जोडीला जिवंत पक्ष्याची टिपणे असत. हा पक्षी या भागात नेहमीचा की क्वचितचा, थव्याने दिसतो की एकटा, माळावर की झुडपात, हे सारे त्यांत येई. हैदराबाद पाहणीचा अहवाल सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४ मध्ये भागाभागांनी छापून आला.

या कामाचे मोल शाळेतल्या उदाहरणाने सांगता येईल. वर्गात रोज हजेरी होते. एखादा मुलगा चार दिवस आला नाही तर शिक्षकांना ते हजेरीपटावरून कळते आणि घरी निरोप जातो. हजेरीपटच नसेल तर तो मुलगा गेल्याचे महिनाभर कुणाच्या ध्यानात येणार नाही. रानातल्या जिवांचे तसेच आहे. एखादा पक्षी कमी झाला असे म्हणायचे तर आधी तो किती होता, हे कुणीतरी लिहून ठेवलेले हवे. आपल्या मुलखाच्या हजेरीपटाची पहिली पाने सलीम अलींच्या पाहणीने लिहिली.

चूक दाखवणारा आणि चूक मानणारा

या अहवालावर टिपणे लिहिण्याचे काम ह्यू व्हिस्लर या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाकडे होते. व्हिस्लर त्या काळचे मोठे नाव. त्यांच्या लिखाणातल्या काही चुका सलीम अलींनी दाखवून दिल्या. कुणी अनोळखी हिंदी माणूस आपली चूक काढतो, याचा व्हिस्लर साहेबांना राग आला आणि त्यांनी संपादकांकडे कडक पत्रे पाठवली. पण मग त्यांनी आपल्याजवळचे नमुने पुन्हा काढून तपासले. सलीम अलींचे म्हणणे बरोबर निघाले. व्हिस्लर यांनी चूक कबूल केली आणि पुढे दोघांची घट्ट मैत्री झाली.

१९३० च्या दशकात, राज्य इंग्रजांचे असताना, हे घडले. राजा कोण आणि प्रजा कोण याला नमुन्यापुढे किंमत उरली नाही. नोंद नीट असेल तर लहान माणूसही मोठ्याला प्रश्न विचारू शकतो. पुढे हीच गोष्ट खुद्द सलीम अलींच्या बाबतीत घडली, ती आम्ही खाली सांगणार आहोत.

१९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम अचानक वारल्या. सलीम अली खचले. ते बहिणीच्या घरी मुंबईत राहू लागले आणि कामातच त्यांनी आधार शोधला. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र इंग्रजी पुस्तक निघाले. साध्या भाषेत, चित्रे पाहून पक्षी ओळखता येईल असे ते पुस्तक होते. आता पक्षी ओळखायला बंदूक लागेना. सामान्य माणूस दुर्बीण आणि पुस्तक घेऊन निघू लागला. हजेरी घेणारे हात एकाचे अनेक झाले ते या पुस्तकामुळे.

कर्नाटकातला ताप आणि पक्ष्यांच्या पायातली कडी

१९५७ साली आपल्याच राज्यातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि माणसांना जीवघेणा ताप येऊ लागला. हा ताप गोचिडीतून पसरतो असे आढळले. त्याचा विषाणू सैबेरियातल्या एका तापाच्या विषाणूशी जुळणारा होता. हिवाळ्यात सैबेरियातून येणारे पक्षी तर अंगावरच्या गोचिडींबरोबर हा रोग आणत नसतील, अशी शंका निघाली. कोणता पक्षी कुठून येतो आणि कुठे जातो, याची खात्रीलायक माहिती तेव्हा कुणाजवळ नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींच्या देखरेखीखाली सोसायटीने पक्षी पकडून त्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. जाळ्यात पक्षी अलगद पकडायचा, मोजमाप घ्यायचे, क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची हलकी कडी पायात घालायची आणि सोडून द्यायचे. ही कडी सापडल्यास मुंबईच्या सोसायटीला कळवा, असा मजकूर कडीवर असे. पुढे त्या काळच्या सोव्हिएत संघातून, मध्य आशियातून आणि सैबेरियातून अशा कड्यांची पत्रे येऊ लागली. पक्ष्यांनी परदेशातून ताप आणला, हे काही सिद्ध झाले नाही. पण आपल्या तळ्यांवर हिवाळ्यात उतरणारी बदके कोणत्या देशांत वीण घालतात, ते पहिल्यांदा पुराव्यानिशी कळले. त्यातून आणखी एक गोष्ट उघड झाली. आपले तळे सुरक्षित ठेवले तरी पक्ष्याचे उत्तरेकडचे घर किंवा वाटेतला मुक्काम नष्ट झाला तर इथली संख्या घटेल. एकट्या देशाने हजेरी घेऊन भागत नाही.

या कामातली सुधारणा पाहण्यासारखी आहे. तरुणपणी पक्षी ओळखायला तो मारावा लागे. पन्नाशी-साठीत तोच माणूस पक्ष्याला कडी घालून जिवंत सोडत होता आणि त्यामुळे त्याला अधिक कळत होते.

भरतपूर : यश आणि धडा

राजस्थानातले भरतपूरचे केवलादेव घना हे महाराजांचे शिकारीचे तळे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, योगायोगाने सलीम अलींच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा आजही तिथल्या दगडी फलकावर कोरलेला आहे. स्वातंत्र्यानंतर तळे बुजवून जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी झाली. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत बाजू मांडली आणि तळे वाचले. १९५६ साली ते अभयारण्य झाले आणि पुढे राष्ट्रीय उद्यान.

याच भरतपूरला सैबेरियन क्रौंच हिवाळ्यात येत. १९६४-६५ च्या हिवाळ्यात ते सुमारे २०० होते. दर वर्षी मोजणी होत गेली आणि आकडा उतरत गेला. २००२ साली शेवटची जोडी दिसली. त्यानंतर हा पक्षी तिथे आला नाही. हजेरी घेतल्याने प्रत्येक वेळी जीव वाचतोच असे नाही. परंतु तो केव्हा आणि कसा गेला हे तरी कळते आणि पुढच्या जिवाच्या वेळी लवकर जाग येते.

भरतपूरच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. गावकऱ्यांच्या म्हशी तळ्यात चरतात, त्याने पक्ष्यांचे नुकसान होते, असे सलीम अली आणि इतर तज्ज्ञांचे मत होते. १९८२ साली चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला आणि काहींचे प्राण गेले. त्याच काळात सोसायटीचे संशोधक तिथे दहा वर्षांचा अभ्यास करत होते. दर वर्षी गवत किती, पाणी किती, मासे किती, पक्षी किती, याची मोजदाद चालली होती. तिचा निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी थांबल्यावर पाण्यातले गवत बेसुमार माजले, उघडे पाणी कमी झाले आणि कित्येक जातींच्या पक्ष्यांची संख्या घटली. म्हशी गवत खाऊन तळे मोकळे ठेवत होत्या.

हा अहवाल पुरा झाला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. पण जिने हे म्हणणे खोडून काढले ती संस्था त्यांचीच आणि मोजण्याची शिस्तही त्यांनीच लावलेली. थोर माणसाचा अंदाजही मोजणीपुढे टिकेलच असे नाही, हा धडा आम्हाला त्यांच्या गौरवापेक्षा कमी मोलाचा वाटत नाही. गावकऱ्यांना न विचारता केलेल्या संरक्षणाची किंमत गावकऱ्यांनीच मोजली, हेही विसरता येत नाही.

मान-सन्मान आणि अखेर

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह सलीम अलींनी भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला. पहिला खंड आला तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. पदवी नाही म्हणून ज्यांना नोकरी नाकारली गेली, त्यांना अलीगढ आणि दिल्ली विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टरेट दिली. १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. १९७६ सालीच वन्यजीव रक्षणासाठीचा गेटी पुरस्कार मिळाला. त्यातली बहुतांश रक्कम त्यांनी सोसायटीच्या निसर्गरक्षणाच्या कामाला देऊन टाकली. १९८५ साली ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव लहानपणी पडलेल्या त्या चिमणीवरूनच ठेवलेले आहे.

माणूस मात्र रुक्ष नव्हता. मोटारसायकलींचे त्यांना वेड होते. १९५० साली स्वीडनमधल्या पक्षिशास्त्र परिषदेसाठी त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल बोटीने युरोपात नेली आणि तिच्यावर बसून ते परिषदेला हजर झाले.

जानेवारी १९८६ मध्ये आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात, १९०० नंतर कुणालाच न दिसलेला जर्डनचा धाविक हा पक्षी सोसायटीचे संशोधक भारत भूषण यांना पुन्हा सापडला. शोध लागला म्हणून त्याच्या वस्तीला संरक्षण मिळाले आणि तिथून जाणारा कालवा वळवला गेला. हे शुभ वर्तमान सलीम अलींच्या कानी पडले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे मुंबईत निधन झाले. त्याच वर्षी दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली.

आपल्या माळावरचा रिकामा बाक

आता आपल्या घराकडे वळू. भारताचा राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा सलीम अलींनी माळढोकाचे नाव सुचवले होते. मोर सर्वांना ठाऊक आहे, त्याला धोका नाही. माळढोक राष्ट्रीय पक्षी झाला तर लोकांचे त्याच्याकडे लक्ष जाईल, असा त्यांचा विचार होता. १९६३ साली मान मोराला मिळाला.

माळढोक हा मीटरभर उंचीचा, दहा-पंधरा किलो वजनाचा पक्षी. तो राहतो उघड्या माळावर, गवतात जमिनीवरच एखादे अंडे घालतो. सोलापूर-कलबुर्गीकडचे दख्खनचे पठार हेच त्याचे घर. १९७२ साली सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर त्याची नोंद केली आणि त्यातूनच १९७९ साली तिथे अभयारण्य झाले. एका जागरूक माणसाच्या वहीतून अभयारण्य उभे राहिले, याचे हे आपल्या शेजारचे उदाहरण. पण देशभरातला आकडा काय सांगतो? १९६९ साली धर्मकुमारसिंहजींनी केलेला अंदाज होता १,२६० पक्षी. आज देशात दीडशेही उरलेले नाहीत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. माळ नांगरले गेले, त्यांवर झाडे लावली गेली, विजेच्या तारा ओढल्या गेल्या आणि त्यांवर आपटून पक्षी मेले. नान्नजला आता एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते.

माळरान ही पडीक जमीन, असे आपण समजतो. सरकारी कागदही बरेचदा तसेच म्हणतात. पण बिदरच्या माळांवर अजून काळवीट आहेत, ज्याला आपले कन्नड शेजारी कृष्णमृग म्हणतात. लांडगा आहे, खोकड आहे, धाविक आणि चंडोल आहेत. चिंचोळीच्या जंगलाला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. कारंजा धरण, चंद्रंपळ्ळीचा जलाशय आणि पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात असलेले, आता यादगीर जिल्ह्यात गेलेले बोनाळ तळे अशी पाणपक्ष्यांची ठिकाणे आपल्याजवळ आहेत. त्यांची हजेरी कोण घेणार?

हे काम फक्त तज्ज्ञांचे राहिलेले नाही. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर जो मोठा अहवाल निघाला, तो सुमारे तीस हजार हौशी पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. ज्या जातींबद्दल दीर्घ काळाचा कल सांगण्याइतक्या नोंदी होत्या, अशा होत्या ३३८. त्यांपैकी ६० टक्के जाती घटताना दिसल्या. बाकीच्या सुमारे सहाशे जातींबद्दल तसे सांगण्याइतकी माहितीच नव्हती. त्या सहाशेंत आपल्या माळावरचे किती असतील, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मोजणीचे नियम सोपे आहेत. जागा तीच, वेळ तीच, चालण्याची वाट तीच, वेळ किती घ्यायचा तेही ठरलेले. दिसले ते लिहायचे आणि नेहमीचा पक्षी दिसला नाही तर तेही लिहायचे. थवा मोजताना आधी दहा मोजायचे आणि तेवढाच तुकडा डोळ्यांनी पुढे सरकवत जायचे. खात्री नसेल तर नाव लिहायचे नाही, वर्णन लिहायचे. आकडा वाढवून लिहिण्याचा मोह टाळायचा. एका वर्षाच्या आकड्याने फार काही कळत नाही. दहा वर्षांच्या आकड्यांनी कळते. म्हणून हे काम एका मुलाचे नसून शाळेचे आहे. पाचवीतला विद्यार्थी दहावी होऊन जाईल, वही मात्र शाळेतच राहील आणि पुढच्या पाचवीच्या हाती जाईल.

पालकांना आमची विनंती आहे की जानेवारीतल्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जवळच्या तळ्यावर जावे. आजोबा-आजींना त्यांच्या लहानपणी माळावर काय दिसत असे ते विचारावे आणि मुलांकडून लिहून घ्यावे. आपली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या या मातीत आहेत. त्या आठवणींतही जुनी हजेरी दडलेली आहे. विश्वस्त मंडळाला आमची विनंती लहानशी आहे : शाळेसाठी दोन दुर्बिणी, पक्षी ओळखण्याचे एक चांगले पुस्तक आणि कपाटात कायम राहील अशी एक जाड बांधणीची वही मिळावी. वहीच्या पहिल्या पानावर तारीख, ठिकाण, वेळ आणि दिसलेले पक्षी एवढेच रकाने आखून घ्यावेत. बाकीचे काम आपली मुले करतील.